जो परतला नाही त्याची गोष्ट

गेल्या श्रावणातील एका रविवारी संध्याकाळी अंजनगाव सुर्जीत आमच्या लहानशा सभागृहात धर्मग्रामातील कुटुंबांना मी एक जुना चित्रपट दाखवला. व्ही. शांताराम यांचा १९४६ सालचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'. पावसामुळे वीज दोनदा गेली आणि दोनदा आली. लहान मुले सतरंजीवरच झोपी गेली. दिवसभर पानमळ्यात आणि शेतात राबून आलेली मोठी माणसे मात्र शेवटपर्यंत बसून राहिली. दिवे लागले तेव्हा कित्येकांचे डोळे ओले होते. सतरंज्या गुंडाळताना एका वृद्ध बाईंनी मला विचारले, "फादर, हे समदं असंच झालं होतं काय जी?"

मी म्हणालो, "बरंचसं."

त्या उत्तराने त्यांचे समाधान झाले, माझे झाले नाही. 'बरंचसं' या शब्दाच्या पोटात काय काय लपवता येते हे प्रवचने करणाऱ्या माणसाला चांगले ठाऊक असते. म्हणून या चित्रपटाविषयी आणि तो ज्या पुस्तकावरून निघाला त्याविषयी थोडे नीट लिहावे असे वाटले. युद्ध चालू असताना साधी माणसे चित्रपट काढतात, त्यासाठी एका खऱ्या माणसाचे आयुष्य हाती घेतात आणि लोकांच्या भल्यासाठी त्यात भर घालतात. हे योग्य की अयोग्य? प्रश्न जुना आहे. तो चित्रपटवाल्यांपुरता आहे असे मात्र कोणी समजू नये.

प्रथम मूळ हकीकत पाहू. जपानने चीनवर आक्रमण केल्यानंतर चिनी सेनापती जू द यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्याची मागणी केली. सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना, १९३८ च्या सप्टेंबरमध्ये, पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून बोटीने निघाले. प्रमुख होते डॉ. अटल, जे त्यापूर्वी स्पेनच्या यादवी युद्धात सेवा करून आले होते. नागपूरचे डॉ. चोळकर होते, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी होते, आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, शिक्षण मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातील. म्हणजे निघाले तेव्हा अठ्ठावीस वर्षेही पुरी झालेली नव्हती. ते चीनमध्ये असतानाच वडील वारले. तरी ते परतले नाहीत. पुढे ते उत्तरेकडील डोंगराळ युद्धभूमीवर गेले, चिनी भाषा शिकले, रात्रंदिवस शस्त्रक्रिया केल्या आणि १९४१ मध्ये डॉ. नॉर्मन बेथून यांच्या नावाने चाललेल्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. हे बेथून कॅनडाचे शल्यचिकित्सक; याच भूमीवर १९३९ मध्ये रक्तदोषाने वारले होते. त्यांच्या समाधीच्या समारंभात कोटणीस यांची ग्वो चिंगलान या परिचारिकेशी प्रथम भेट झाली. १९४१ च्या अखेरीस विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचे नाव इन्हुआ ठेवले. 'इन्' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी डॉ. कोटणीस वारले. वय बत्तीस. मूल साडेतीन महिन्यांचे.

पथकातील शेवटचे डॉक्टर, डॉ. बसू, १९४३ मध्ये भारतात परतले. त्यांनी आणलेल्या हकिकतीच्या आधारे ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ मध्ये इंग्रजीत एक पुस्तक लिहिले. 'आणि एक जण परतला नाही' असा त्याच्या नावाचा अर्थ. अब्बास मूळचे पानिपतचे, व्यवसायाने मुंबईतील पत्रकार. त्यांनी ते पुस्तक वृत्तान्ताच्या सामग्रीतून, पण कथेच्या ओघाने लिहिले. काळ लक्षात घेतला पाहिजे. ज्या काँग्रेसने हे पथक पाठवले तिचे नेते तेव्हा तुरुंगात होते. चीन हे इंग्रजांचे मित्रराष्ट्र होते. म्हणजे कोटणीस यांचे गुणगान केले तर इंग्रज सरकारला आक्षेप घेता येत नव्हता, आणि त्याच गुणगानातून काँग्रेसचेही नाव उजळत होते. एकाच दिव्याने दोन खोल्यांत उजेड पाडण्याची ही युक्ती होती, आणि तिला मी नावे ठेवणार नाही.

या पुस्तकावरून अब्बास आणि व्ही. पी. साठे यांनी पटकथा लिहिली. शांताराम यांनी प्रभात सोडून १९४२ मध्ये मुंबईत परळला राजकमल कलामंदिर ही संस्था उभी केली होती. युद्धामुळे परदेशातून येणारी कच्ची फिल्म दुर्मीळ झालेली होती. १९४३ पासून ती सरकारी परवान्यावर मिळू लागली, चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर, म्हणजे साधारण दोन तासांवर, बांधली गेली, आणि युद्धकार्याला उपयोगी पडतील असे चित्रपट निर्मात्यांनी काढावेत, असा सरकारचा आग्रह होता. अशा वातावरणात हा चित्रपट आकाराला आला. चीनला जाणे शक्य नव्हते. चीन परळला आणावा लागला. सुतारांनी, रंगाऱ्यांनी, शिंप्यांनी, रंगभूषा करणाऱ्यांनी तो उभा केला. त्यांच्यापैकी चीन कोणी पाहिला असेल? १८०३ च्या ३० डिसेंबरला शिंदे आणि इंग्रज यांच्यात झालेल्या तहामुळे आमच्या अंजनगाव सुर्जीचे नाव इतिहासाच्या पुस्तकात आहे. पण त्या छावणीला पाणी कोणी पुरवले, जखमींना कोणाच्या ओसरीवर निजवले, हे कोणत्याही पुस्तकात नाही. चित्रपटाच्या नामावलीपलीकडे राहिलेल्या हातांचेही तसेच आहे. त्या हातांच्या कामाला प्रथम नमस्कार करून मगच मी टीकेकडे वळतो.

या चित्रपटाचे गुण मोठे आहेत. शांताराम यांनी कोटणीसांची भूमिका स्वतः केली, जयश्री यांनी चिनी पत्नीची, केशवराव दाते यांनी वडिलांची. वसंत देसाई यांचे संगीत आहे. आरंभीचा सोलापूरच्या घरातील भाग मला सर्वांत सरस वाटतो. मुलगा डॉक्टर होऊन घरी आला आहे, घराच्या त्याच्याविषयी काही अपेक्षा आहेत, आणि तो सांगतो की मी परदेशी युद्धावर चाललो आहे. येथे मोठी भाषणे लागत नाहीत. दाते यांचा चेहरा पुरेसा आहे. घरातून एखादा मुलगा गुरुविद्यालयात किंवा मुलगी मठात गेलेली असते, त्या प्रत्येक कुटुंबाला हा प्रसंग ओळखीचा वाटेल. ज्या बापाने मुलासाठी काही बेत केलेला असतो त्याला त्या बेताची घडी घालून ठेवावी लागते, आणि तरीही निरोपाच्या वेळी हात वर करावा लागतो. आमच्या सभागृहात या प्रसंगी जी शांतता पसरली ती मी विसरणार नाही.

दुसरा गुण असा की सामान्य भारतीय प्रेक्षकाला या चित्रपटाने शेजारच्या एका मोठ्या देशाचे दुःख आपले वाटायला लावले. त्याच १९४६ साली अब्बास यांचा 'धरती के लाल' आला, आणि चेतन आनंद यांचा 'नीचा नगर'ही, ज्याच्या लेखनात अब्बास यांचाही हात होता. चित्रपटाने केवळ मन रिझवू नये, मनाला कामाला लावावे, असे मानणाऱ्यांची ती पिढी होती. तिच्या हेतूबद्दल मला शंका नाही.

शंका आहे ती साधनाबद्दल. पडदा उतरल्यावर प्रेक्षकाच्या मनात उरतात ते प्रसंग आठवा. भयंकर साथ, तिच्यावर उपाय शोधण्यासाठी डॉक्टरने स्वतःच्या देहावर ओढवून घेतलेले संकट, शत्रूच्या हाती सापडणे, आणि शेवटी मरणाऱ्या पतीच्या शब्दांच्या सोबतीने बाळाला घेऊन सोलापूरच्या घरी पोहोचणारी पत्नी. हे सर्व पडद्यावर प्रभावी आहे. पण डॉ. कोटणीस यांचा मोठेपणा साथीवरील कोणत्याही शोधावर उभा नव्हता. जखमी येत राहिले आणि ते शस्त्रक्रिया करत राहिले, विद्यार्थी येत राहिले आणि ते चिनी भाषेत शिकवत राहिले, यावर तो उभा होता. त्यांनी शल्यचिकित्सेवर विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिले. दुसरे लिहीत असताना मृत्यू आला आणि ते अपुरे राहिले. अपुरे पाठ्यपुस्तक पडद्यावर कसे दाखवणार? त्यात ना चकमक, ना सुटका. म्हणून साथ मोठी झाली आणि पुस्तक लहान झाले.

पत्नीचेही तसेच झाले. पडद्यावरची चिंग लान गोड आहे, धीट आहे, पण शेवटी ती नायकाच्या कहाणीचा अलंकार होते आणि सोलापूरच्या उंबरठ्यावर तिची कथा संपते. खरी ग्वो चिंगलान स्वतः युद्धभूमीवरची परिचारिका होती. ती चीनमध्येच राहिली. मुलाला तिने वाढवले, आणि तो मुलगा वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये वारला. पुढे ती सासरच्या माणसांना भेटायला भारतात येत राहिली, पतीविषयी तिने स्वतः आठवणी लिहिल्या आणि २०१२ मध्ये ती वारली. पतीचा आणि पुढे त्याच्या मुलाचाही मृत्यू. १९४६ सालच्या चित्रपटाला पुढचे काय ठाऊक असणार, हे मान्य. पण ती स्वतःच्या पायांवर उभी असलेली, स्वतःचा देश असलेली स्त्री आहे, हे तेव्हाही ठाऊक होते. तिला आपल्या घरी आणून सोडल्याशिवाय आपल्या मनाला बरे वाटत नव्हते, म्हणून आणले.

येथे एका इंग्रजी कादंबरीची आठवण होते. लिसा एव्हन्स यांची ही कादंबरी २००९ मध्ये आली. 'देअर फायनेस्ट अवर अँड अ हाफ' हे तिचे नाव. २०१६ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. काळ १९४० चा, लंडनवर बॉम्ब पडत आहेत. सरकारच्या माहिती खात्याला लोकांचा धीर टिकवणारा चित्रपट हवा आहे. जाहिरातींचा मजकूर लिहिणारी एक तरुण स्त्री, उतरत्या वयाचा एक मानी नट, कपडे शिवणारी एक बाई, अशी साधीच माणसे त्या कामाला जुंपली जातात. विषय मिळतो तो डंकर्कच्या किनाऱ्यावरून सैनिकांना सोडवायला वडिलांची होडी घेऊन निघालेल्या दोन जुळ्या बहिणींचा. चौकशी करता कळते की त्या बहिणी डंकर्कला पोहोचल्याच नाहीत. होडीचे इंजिन वाटेतच बंद पडले. तरी चित्रपट निघतोच, आणि पडद्यावर त्या पोहोचतात. लेखिका या खोटेपणावर आसूड ओढत नाही. ती हसते, आणि त्या माणसांवर प्रेम करते. त्यांनी घातलेल्या भरीमुळे अंधारात बसलेल्या लोकांना बळ मिळते, हे ती नाकारत नाही. पण आपल्याला, वाचकांना, इंजिन बंद पडल्याचे ती सांगून ठेवते. येथे कादंबरी आणि प्रचारपट यांच्यातील भेद दिसतो. प्रचारपट आपल्याला पोहोचलेली होडी दाखवतो. कादंबरी बंद पडलेली होडीही दाखवते, आणि न पोहोचलेल्या मुलींचे धाडस कमी होऊ देत नाही.

आपल्याकडे परळच्या त्या दिवसांवर अशी कादंबरी असती तर! तुकड्यातुकड्याने मिळणारी फिल्म, बाहेर रेशनच्या रांगा, आत लाकडाचा आणि कापडाचा चीन, आणि सोलापुरात एक खरी आई. मराठी लेखकाला याहून चांगला विषय कोणता हवा?

आता माझ्याबद्दल. वर मी म्हटले की हा प्रश्न चित्रपटवाल्यांपुरता नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी, मी तरुण धर्मगुरू असताना, एका दूरच्या खेड्यातील धर्मशिक्षकाच्या अंत्यविधीचे प्रवचन माझ्याकडे आले. हा मनुष्य वीस वर्षे पायी हिंडून मुलांना प्रार्थना शिकवी, आजाऱ्यांकडे जाई. ज्या आठवड्यात तो वारला त्या आठवड्यातही तो पावसात एका आजाऱ्याकडे जाऊन आला होता. मी प्रवचनात म्हणालो की तो सेवेच्या वाटेवर, पावसात, देवाघरी गेला. शब्द चांगले जुळले होते. लोक रडले. वस्तुतः तो दोन दिवस तापाने घरी पडून होता आणि घरातच वारला. पण मला वाटले, वाटेवरचा मृत्यू अधिक बोधप्रद आहे.

दफनविधी आटोपल्यावर त्याची विधवा माझ्याजवळ आली. रागाने नव्हे, पण स्पष्टपणे म्हणाली, "फादर, थे माह्या मांडीवर गेले. थे तुमी काहून नाई सांगतलं?"

मला उत्तर देता आले नाही. मी त्या मृताचा गौरव करायला गेलो आणि तिच्याजवळ जे एकच उरले होते ते काढून घेतले. दोन रात्री तिने त्याच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या होत्या. शेवटचा घोट तिने पाजला होता. माझ्या प्रवचनात ती कोठेच नव्हती. पाऊस होता, वाट होती, सेवा होती, बायको नव्हती. त्या दिवसापासून मला हे कळले आहे की बोधासाठी घातलेली भर फुकट मिळत नाही. तिची किंमत कोणी तरी देतो, आणि देणारा बहुधा मृताच्या अगदी जवळचा असतो. डॉ. कोटणीस यांच्या चित्रपटावर माझा मुख्य आक्षेप हाच आहे. इतिहासातील तपशील चुकले याबद्दल तक्रार करण्याइतका मी काटेकोर नाही. पण साथ वाढवली की परिचारिका लहान होते, कैद वाढवली की पाठ्यपुस्तक दिसेनासे होते.

आणि आणखी एक गोष्ट झाकोळते. ती मला सर्वांत मोठी वाटते. डॉ. कोटणीस यांना अपस्मार होता. आपल्या बोलीत ज्याला फेफरे किंवा मिरगी म्हणतात तो आजार. झटके येत होते आणि ते काम करत होते. आपल्या खेड्यापाड्यांत ज्या घरात असे मूल असते त्या घराची अवस्था मी पाहिली आहे. मुलीचे लग्न जमेना म्हणून आजार लपवतात, मुलाला शाळेतून काढतात, चप्पल हुंगवतात, देवऋषीकडे नेतात, आणि औषधाची गोळी मात्र लपवून देतात. त्या संध्याकाळी सभागृहात अशा एका मुलाची आई बसली होती. साथीवर मात करणारा वीर पाहून ती रडली. तिला जर कोणी सांगितले असते की बाई, तुझ्या लेकराला जो आजार आहे तोच या माणसाला होता, आणि तरीही त्याने एका परक्या देशात रुग्णालय चालवले, तर ती रडली असती की नाही हे मला ठाऊक नाही, पण मान वर करून घरी गेली असती. पुढच्या रविवारी मी हे तिला सांगितले. चित्रपटाने सांगायचे ते मला सांगावे लागले.

आपल्या संतचरित्रांचा अनुभवही याहून निराळा नाही. लिझिएची चिमुकली तेरेजा १८९७ मध्ये वारली. दुसऱ्याच वर्षी तिचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, पण ते तिच्या सख्ख्या बहिणीने पुष्कळ ठिकाणी सुधारून, गुळगुळीत करून. तेरेजाने लिहिले होते तसे मूळ हस्तलिखित १९५६ मध्ये लोकांपुढे आले. त्यामुळे तिचे संतपण कमी झाले काय? उलट ती अधिक जवळची झाली. मोलोकाई बेटावर कुष्ठरुग्णांची सेवा करत १८८९ मध्ये त्याच रोगाने वारलेल्या फादर डेमियन यांच्यावर मृत्यूनंतर टीका झाली, तेव्हा स्टीव्हन्सन या प्रसिद्ध लेखकाने त्यांची बाजू घेतली. तो स्वतः कॅथलिक नव्हता. डेमियन हट्टी होते, उद्धट वाटत, ही गोष्ट त्याने लपवली नाही; ती मान्य करूनच त्याने त्यांचे मोठेपण सिद्ध केले. २००९ मध्ये डेमियन यांना संतपद मिळाले. फार कशाला, शुभवर्तमानकारांनी पेत्राचा नकार वगळला असता तर त्यांना कोण विचारणार होते? त्यांनी तो ठेवला. कोंबड्याचे आरवणेही ठेवले.

मात्र सत्याचा आग्रह धरायचा तर तो आपल्याला अडचणीचा ठरतो तेथेही धरला पाहिजे. डॉ. कोटणीस यांनी मृत्यूपूर्वी काही महिने, १९४२ मध्ये, चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासदत्व घेतले होते. ज्या पक्षाच्या राजवटीत पुढे १९४९ नंतर चीनमधील आपल्या बांधवांना, धर्मगुरूंना आणि धर्मभगिनींना तुरुंगवास भोगावा लागला, तोच हा पक्ष. आपल्या नियतकालिकात हे लिहिताना माझी लेखणी जरा थबकली, हे कबूल करतो. हे वाक्य गाळले असते तर लेख अधिक सोयीचा झाला असता. पण मग शांताराम यांना दोष देण्याचा मला काय अधिकार उरला असता? ज्या माणसांसोबत ते राहिले, ज्यांच्या जखमा शिवल्या, त्यांचाच मार्ग त्यांना पटला. तो आपला मार्ग नाही. तरी जखम शिवणारा हात खरा होता, आणि दयाळू शोमरोनी कोणत्या मंदिरात उपासना करतो हे विचारून प्रभूने त्याची गोष्ट सांगितली नाही.

एक शेवटची उणीव नोंदवतो. ती चित्रपटाइतकीच पुस्तकाचीही आहे. 'एक जण परतला नाही' या नावातच चौघे जण परतले हे येते. त्यांच्यापैकी डॉ. चोळकर तर आपल्या विदर्भाचे, नागपूरचे. तेही त्याच बोटीने गेले, त्याच बॉम्बवर्षावाखाली गेले. परतलेल्या माणसावर चित्रपट निघत नाही. मृत्यू ही कथेला पूर्णविराम देण्याची सोपी सोय आहे. परत येऊन पुन्हा आपल्या गावी रोगी तपासत बसणाऱ्या माणसाची कथा कोठे संपवायची हेच लेखकाला कळत नाही. आपल्या धर्मग्रामांतून कितीतरी परिचारिका आणि भगिनी दूरच्या दवाखान्यांत आयुष्य घालवून परत येतात आणि कोपऱ्यातील खोलीत शांतपणे म्हाताऱ्या होतात. त्या परतल्या, एवढाच त्यांचा दोष.

मग हा चित्रपट पाहू नये काय? अवश्य पाहावा, मुलाबाळांसह पाहावा. परळच्या त्या लाकडी चीनमध्ये खऱ्या कळवळ्याची माणसे वावरतात. परवान्याच्या मोजक्या फिल्मवर, परकीय राजवटीच्या डोळ्यांदेखत, त्यांनी एका सोलापूरच्या मुलाचे नाव देशभर पोहोचवले. आज सोलापुरात त्यांचे स्मारक आहे आणि चीनमध्ये शिजियाच्वांग येथे त्यांचा पुतळा आहे. १९६२ चे युद्ध झाले, दोन देशांतील मैत्री आटली, तरी हे नाव दोन्हीकडे आदराने घेतले जाते. या आदरात चित्रपटाचा वाटा मोठा आहे, आणि तो मान्य न करणे कृतघ्नपणाचे होईल. फक्त पाहून झाल्यावर घरी मुलांना उरलेली गोष्ट सांगावी. पाठ्यपुस्तक अपुरे राहिले ती. झटके येत असताना काम चालू ठेवले ती. बाळाला घेऊन आपल्याच देशात राहिलेल्या परिचारिकेची.

त्या वृद्ध बाई परवा मिस्सानंतर भेटल्या. त्यांच्या प्रश्नाचे 'बरंचसं' हे उत्तर मी मागे घेतले आणि वर लिहिले ते सारे त्यांना उभ्याउभ्या सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "म्हंजे त्या सिनेमातल्या माणसापक्षा खरा माणूसच जास्त थकला असन."

मला वाटते, एवढी अचूक समीक्षा मला करता आलेली नाही.